ॲडजस्ट गादीनं करावं, आईनं नाही!

मागच्या जुलैमधली गोष्ट. सकाळचे साडेदहा वाजले होते. मी ऑफिसात पोचून नुकतीच खुर्चीत टेकले होते आणि दादाचा व्हिडिओ कॉल आला. अमेरिकेत, कोलोरॅडोत, तेव्हा रात्रीचे अकरा वाजले असणार. मला वाटलं, काहीतरी झालं. स्क्रीनवर अंधुक उजेडात आई दिसली. छोट्याशा डायनिंग टेबलाच्या बाकावर, शाल गुंडाळून, भिंतीला टेकून बसलेली.

‘‘अगं, काही नाही झालेलं. झोप येत नाहीये इतकंच. तुम्ही झोपा म्हटलं यांना, मी बसते इथे,’’ आई म्हणाली.

मागून दादा वैतागलेल्या आवाजात म्हणाला, ‘‘ही काल रात्रीपण इथेच बसली होती. आज पहाटे कळलं मला.’’

आई-बाबा पहिल्यांदाच अमेरिकेला गेले होते. दादा-वहिनी डेन्व्हरला राहतात. त्यांनी हौसेनं आठवडाभरासाठी मोटरहोम भाड्यानं घेतलं होतं. मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घर. ड्रायव्हरच्या केबिनवर एक पलंग, मध्ये ओटा आणि टेबल, बाजूला बाथरूम, मागे दुसरा पलंग. वरच्या पलंगावर दादा-वहिनी, मागच्यावर आई-बाबा. माझी इंटर्नशिप सुरू असल्यामुळे मी इथेच राहिले होते आणि त्यांचे फोटो बघून जळत होते. फोटोंत सगळं झकास होतं. डोंगर, तळं, कॉफीचे मग, बाबांची नवी टोपी. आईला दोन रात्री झोप नव्हती, हे मात्र एकाही फोटोत दिसत नव्हतं.

गंमत म्हणजे त्या पलंगावरची गादी साधीसुधी नव्हती. मालकानं मुद्दाम बसवून घेतलेली महागातली हवेची गादी होती ती. आत दोन वेगळे कप्पे, एका पंपाला जोडलेले. रिमोटवर आकडा वाढवला की हवा भरते आणि गादी कडक होते. कमी केला की हवा सुटते आणि मऊ होते. नवऱ्याची बाजू वेगळी, बायकोची वेगळी. अमेरिकेत अशा गाद्या १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून घराघरांत गेल्या आणि पुढे मोटरहोममध्येही आल्या. म्हणजे ज्या गादीचं कामच माणसाप्रमाणे ॲडजस्ट होणं, तिच्यावर माझी आई दोन रात्री ॲडजस्ट करत होती!

मी मीटिंग बुडवली. (सर, सॉरी.) पुढचा अर्धा तास फोनवरून प्रश्न विचारत, बाजूला माहिती शोधत जे काही उमगलं, त्यावरून माझं एक ठाम मत झालंय. ते शेवटी सांगते. आधी गादीचं सांगते, कारण ती चूक कुणाच्याही ट्रिपमध्ये होऊ शकते.

पहिली चूक बाबांची. ट्रिप सुरू होताना त्यांनी दोन्ही बाजूंचा आकडा शंभरवर नेऊन ठेवला होता. का? तर ‘कंबरेला कडक गादीच चांगली.’ आईला कंबरेचं जुनं दुखणं आहे, त्यामुळे हे त्यांनी काळजीपोटीच केलं होतं. आपल्याकडे हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. कंबर दुखली की फळीवर झोप, जमिनीवर झोप. पण ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००३ साली स्पेनमधला एक अभ्यास छापून आला होता. कंबरदुखीच्या ३१३ जणांपैकी काहींना कडक गादी दिली, काहींना मध्यम कडक. तीन महिन्यांनी मध्यम कडक गादीवाल्यांना वेदना कमी होत्या आणि हालचालही जास्त सोपी जात होती. अर्थात प्रत्येकाचं दुखणं वेगळं असतं आणि डॉक्टरांनी स्वतः तपासून काही सांगितलं असेल तर तेच ऐकायचं. पण ‘जितकी कडक तितकी चांगली’ हा सरसकट नियम नाही. त्यात आई कुशीवर झोपते. कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा आणि कंबर गादीत थोडी रुतायला लागते. शंभरवरच्या गादीत काय रुतणार?

दुसरी चूक कुणाचीच नाही, ती डोंगराची. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून साधारण १,६०० मीटरवर आहे. तिथून हे लोक आयसेनहॉवर बोगद्यातून, म्हणजे जवळजवळ ३,४०० मीटरवरून, लेडव्हिल नावाच्या गावाकडे गेले. लेडव्हिल सुमारे ३,१०० मीटरवर. आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आपण शिकलोय की जितकं उंच जाऊ तितका हवेचा दाब कमी. डेन्व्हरपेक्षा लेडव्हिलला हा दाब साधारण सहाव्या हिश्श्यानं कमी असतो. बाहेरून दाबणारी हवा कमी झाली की बंद गादीतली हवा फुगायला बघते. मोकळी सोडली तर ती जवळजवळ एक पंचमांश जास्त जागा घेईल. पण गादीचं कापड तेवढं ताणत नाही, मग ती दगडासारखी होते. उंच ठिकाणी वेफर्सची पाकिटं टम्म फुगलेली बघितली असतील, तोच प्रकार. फक्त इथे त्या पाकिटावर माझी आई झोपली होती.

आणि रिमोटवर आकडा? तोच, शंभर. अशा पंपाला तुम्ही पुन्हा बटण दाबेपर्यंत आतला दाब बदललाय हे कळतच नाही. त्यामुळे बाबांना वाटत राहिलं, ‘सेटिंग तर तेच आहे, मग हिला काय होतंय?’

तिसरी गोष्ट थंडी. लेडव्हिलला जुलैतसुद्धा पहाटे पारा चार-पाच अंशांवर उतरतो. हवा गार झाली की आकसते. संध्याकाळी २५ अंशांना भरलेली गादी पहाटे पाच अंशांना आली, की आतल्या हवेचा दाब साधारण सात टक्क्यांनी उतरतो. ऐकायला सात टक्के किरकोळ वाटतात. पण अशा गादीत आतला दाब बाहेरच्यापेक्षा अगदी थोडाच जास्त असतो, त्यामुळे तेवढ्यानंही ती ढिली पडते. म्हणजे रात्री अकराला दगड आणि पहाटे चारला झोळी. शिवाय आतली हवा अंगाची ऊब ओढून घेते. पलंगाखाली सामानाचा कप्पा, त्याच्या पत्र्याला बाहेरची थंडी. पांघरुणं कितीही घ्या, थंडी खालून येते. आई म्हणाली तेच, ‘‘पाठीखाली कुणी बर्फाची लादी ठेवल्यासारखं वाटतं गं.’’

एक प्रामाणिकपणे सांगायला हवं. तीन हजार मीटरवर झोप तशीही नीट लागत नाही. विरळ हवेत श्वास बदलतो, मध्येच जाग येते. सगळं खापर गादीवर फोडून चालणार नाही. पण शरीर आधीच दमलेलं असताना निदान अंथरूण तरी शत्रू नको!

उपाय काय केले? त्या रात्री पंप चालवणं शक्यच नव्हतं. तो घरगुती विजेवर चालणारा होता. ते राहिले होते त्या तळ्याकाठच्या कॅम्पग्राउंडवर विजेचं कनेक्शन नव्हतं, गाडीतल्या बॅटरीवर पंप चालत नव्हता आणि रात्री दहानंतर जनरेटर लावायला बंदी. मग दादानं टॉर्च तोंडात धरून पलंगाखालची नळी हातानं सैल केली आणि आईच्या बाजूची हवा थोडी थोडी सोडली. आई वर आडवी, मी फोनवर. ‘‘कुशीवर हो. आता कंबर आणि गादीच्या मधून हात घाल. आरपार जातोय? म्हणजे अजून कडक आहे. सोड रे थोडी. आता कूस बदलून बघ. बदलताना धडपड होतेय? म्हणजे जास्त सुटली.’’ असं करत करत एका जागी आई म्हणाली, ‘‘हां, बास.’’ हे ‘हां, बास’ रिमोटवर कुठल्या आकड्याला येतं, ते दुसऱ्या दिवशी मोजलं. पंचेचाळीस. बाबांचं मात्र सत्तर. लग्नाला तीस वर्षं झाली, पण दोघांना वेगवेगळी गादी लागते हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

थंडीचा उपाय आईच्या बॅगेतच होता. वहिनीसाठी तिनं जुन्या साड्यांची गोधडी शिवून नेली होती. ती पांघरायला काढत होते, मी म्हटलं, वर नको, खाली घाला. गादीच्या वर, चादरीच्या खाली. अंग आणि गार हवा यांच्यामध्ये काहीतरी जाडसर हवं, मग ते लोकरीचं असो, फोमचा पातळ थर असो किंवा आपली गोधडी. दोन कप्प्यांच्या मध्ये जी घळ पडते, तिच्यात टॉवेलची गुंडाळी बसवली. गाडी एका बाजूला कलली होती. डोकं पायांपेक्षा खाली जात होतं, म्हणून उशा दुसऱ्या टोकाला नेल्या. सकाळी उजेडात चाकाखाली ठोकळे देऊन गाडी सरळ केली.

आई सहा तास झोपली. दुसऱ्या दिवशी मला तिचा फोटो आला, तळ्याकाठी बसून चहा पिताना. ट्रिपमधला तो पहिला फोटो, ज्यात ती खरंच हसत होती.

पुढच्या मुक्कामाला उलटा प्रकार. ग्रेट सँड ड्यून्स नॅशनल पार्क सुमारे अडीच हजार मीटरवर, म्हणजे लेडव्हिलपेक्षा खाली. खाली उतरलं की बाहेरचा दाब वाढतो आणि गादी मऊ पडते. या वेळी दादानं जनरेटर बंद करायच्या वेळेआधीच दोन्ही आकडे पुन्हा लावून घेतले. आता त्यांचा नियमच झाला होता. चढाला लागण्याआधी थोडी हवा सोडायची, म्हणजे गादीच्या शिवणींवर ताण येत नाही. मुक्कामी पोचल्यावर, गाडी सरळ उभी करून, पंपाला वीज असेपर्यंत हवा भरायची. झोपण्याआधी आतली हवा थोडी निवू द्यायची आणि मग शेवटचं ॲडजस्टमेंट करायचं. सकाळी गादी उचलून खालचा ओलावा सुकू द्यायचा. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम.

आता माझं मत. अंथरुणाची चौकशी हा मला लाडाचा विषय वाटत नाही. कोण आपल्यासोबत प्रवासाला येऊ शकतं आणि कोण घरीच राहतं, हे त्यावर ठरतं.

आई त्या रात्री बोलता बोलता म्हणाली होती, ‘‘पुढच्या वेळी तुम्ही जा रे. मी थांबेन घरी. आता नाही झेपत मला.’’ या वाक्यानं मी हादरले. कारण झेपत सगळं होतं. ती दिवसा आमच्यापेक्षा जास्त चालत होती. झेपत नव्हती ती एक गादी, आणि त्या एका गादीपायी तिनं स्वतःला प्रवासातूनच बाद करून टाकलं होतं. आठवून बघा, तुमच्या घरी कुणी असं म्हटलंय का? ‘मला नाही आता हौस’, ‘तुम्ही मजा करा’, ‘मला आपलं घरच बरं’. आपण समजतो, वय झालं. कदाचित मागच्या ट्रिपला त्यांना रात्रभर झोप लागली नव्हती आणि आपण विचारलंच नव्हतं.

दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा. आई बाकावर बसलीय हे कळल्यापासून दादाचीही झोप उडाली होती. सकाळी त्यालाच ती अवजड गाडी घाटातून उतरवायची होती. गाडीतल्या एकाची झोपमोड ही सगळ्यांची झोपमोड असते. पेंगुळलेला ड्रायव्हर किती धोकादायक असतो, हे आपल्याकडे रात्रीच्या हायवेनं जाणाऱ्यांना सांगायला नको.

यावर बाबांच्या पिढीचं उत्तर मला पाठ आहे. ‘‘आम्ही एसटीच्या बाकड्यावर रात्री काढल्यात. लग्नघरात सतरंजीवर पन्नास जण झोपायचो. तुमची पिढी नाजूक!’’ मान्य. मीसुद्धा ट्रेकला गेल्यावर गडावरच्या देवळात दगडी फरशीवर झोपलेय आणि मस्त झोपलेय. पण एक, तेव्हा तुम्ही वीस वर्षांचे होतात, आता साठीला आलात. आणि दोन, त्या लग्नघरात कोपऱ्यातली, दाराजवळची, पंखा न लागणारी जागा कोण घ्यायचं? आई, काकू, आत्या. ‘आम्हाला चालतं’ म्हणत. मुलीला तर लहानपणापासून शिकवतातच, ॲडजस्ट करायला शीक. ज्या कामासाठी पंप आणि रिमोट बनवलाय, ते काम आईनं कंबर मोडून करायचं याला काय अर्थ आहे?

तिसरा मुद्दा आपल्या, म्हणजे माझ्या वयाच्या लोकांचा. आपण कॅम्परव्हॅन बुक करताना काय बघतो? दिव्यांच्या माळा, मागचं दार उघडल्यावर दिसणारा समुद्र, रील चांगली येईल का. महाराष्ट्रातही आता ही हौस वाढतेय. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, भाड्यानं व्हॅन मिळायला लागल्या, स्वतःच्या गाडीची मागची सीट पाडून हवेची गादी टाकणारे तर कितीतरी. त्यांनाही हेच विज्ञान लागू आहे. हरिहरेश्वरला समुद्रकाठी गच्च भरलेली गादी तशीच घेऊन महाबळेश्वरला गेलात, तर साडेतेराशे मीटर चढताना हवेचा दाब साधारण १५ टक्क्यांनी उतरतो. मग गादी टणटणीत होते. डिसेंबर असेल तर पहाटे थंडीनं पुन्हा ढिली. ‘गादी पंक्चर आहे’ म्हणून शिव्या घालण्याआधी हे तपासा. खरंच गळतीची शंका असेल, तर साबणाचं पाणी झडपेवर, नळीच्या जोडावर आणि शिवणींवर लावा. बुडबुडे आले की जागा सापडली. खडबडीत रस्त्यानं नळीचे जोड सैल होतात, पहिला संशय तिथेच घ्या.

आणि हो, हवेचीच गादी हवी असा माझा अजिबात हट्ट नाही. दोन-चार रात्रींसाठी, एकाच उंचीवर फिरणार असाल, तर चांगल्या जाडीची फोमची गादी बरी. पंप नको, वीज नको, कटकट नको. हवेच्या गादीचा खरा फायदा एकच. तिच्यावर दोन माणसांना दोन वेगळे आकडे लावता येतात. तो वापरायचाच नसेल, तर ती महागडी गादी आणि फुगा यांत फरक नाही.

म्हणून बुकिंगच्या फोनवर रीलच्या आधी हे विचारा. गादी कसली आणि किती जाड? लांबी किती? (अमेरिकन मोटरहोममध्ये बऱ्याचदा ७५ इंची गादी असते, तिथल्या घरांतल्या क्वीन साइझ गादीपेक्षा पाच इंच आखूड. बाबांचे पाय आठवडाभर बाहेर होते, ते बिचारे बोललेही नाहीत.) पंप गाडीच्या बॅटरीवर चालतो का? गाडी ताब्यात घेताना नुसतं हातानं दाबून बघू नका. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला दहा मिनिटं तिच्यावर, नेहमीच्या कुशीवर, झोपायला लावा. दादाला गाडी देणाऱ्या माणसानं टॉयलेटची टाकी कशी रिकामी करायची हे वीस मिनिटं समजावलं होतं. गादीबद्दल बोलला एकच वाक्य, ‘रिमोट उशीजवळ आहे.’ आपणही दुसरा प्रश्न विचारला नाही.

आणि ‘झोप लागली का?’ असं सकाळी विचारू नका. त्याला ‘हो’ हेच उत्तर मिळतं. रात्री, दिवे घालवण्याआधी विचारा, ‘कडक वाटतेय की मऊ? थंडी खालून लागतेय का?’ असा नेमका प्रश्न विचारला की आई नेमकं उत्तर देते, हे मी स्वतः अनुभवलंय.

आई-बाबा ऑगस्टमध्ये परत आले. गोधडी वहिनीकडेच राहिली. गेल्या आठवड्यात चहा पिताना आईनं सहज विचारलं, ‘‘काय गं, कोकणात मिळते का तसली गाडी? दिवाळीत जाऊ या की.’’

बाबा म्हणाले, ‘‘अगं, पण गादी...’’

‘‘पंचेचाळीस,’’ आई म्हणाली. ‘‘माझी बाजू पंचेचाळीस. फोन करशील तेव्हा आधी ते विचार.’’